तारेची दोन टोकं

"तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन हातांत कधी धरू नकोस, पोरी. वीज निघते ती परत घरी पोचायलाच. वाट तुटली की थांबते. मधला पूल तू झालीस, की तुझ्यातून जाते."

अकरा वर्षांपूर्वी, आर्लीन तारांच्या कामावर पहिल्यांदा विजेच्या खांबावर चढली, तेव्हा जोडीदार होबार्टने हे सांगितलं होतं. आज तोच विसरला.

केंटकीच्या डोंगरांत बर्फाने तारा तोडून तीन दिवस झाले होते. दोघांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खालचा मोठा स्विच उघडून लाइनची वीज तोडली होती आणि कोणी तो लावू नये म्हणून दोघांनी त्याला आपापलं कुलूप घातलं होतं, म्हणून तारेत वीज नाही असं धरून चालले. एका सांध्यासाठी कशाला, म्हणत होबार्टने तार जमिनीला जोडून चुकार वीज मातीत उतरवणारी साखळी गाडीतच ठेवली. बोटं वळेनात म्हणून हातमोजेही काढले.

गाडीच्या उंच पाळण्यात आर्लीनशेजारी उभं राहून त्याने दोन्ही टोकं हातांत घेतली मात्र, निळा लोळ उठला. त्याच्या मुठी तारेवर आवळल्या, मांस जळू लागलं. आर्लीनने लाकडी दांड्याने त्याच्या मनगटांवर घाव घातले, हाडं मोडली, तेव्हा तार सुटली. पाळणा खाली आणून तिने छाती दाबली. फासळ्या कडकडल्या. होबार्ट परतला नाही.

तेव्हा तिला जनरेटरची घरघर ऐकू आली. खांबाशेजारच्या घरातल्या ड्यूई कोम्ब्सने तो थेट घरातल्या सॉकेटला जोडला होता. खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ती वीज सात हजार व्होल्टची झाली होती.

त्याच्या अंगणात जाऊन तिने वायर उपटली, जनरेटर पान्याने फोडला. धावत आलेल्या ड्यूईच्या तोंडावर तोच पाना बसला. बर्फावर दात पडले. तिने पुन्हा हात उगारला.

"त्यावर आईचं श्वासाचं मशीन चालत होतं, ते थांबलं," तो रक्त गिळत म्हणाला. "घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा मेन स्विच पाडायचा राहिला माझ्याकडून. मला मार, पण नंतर. ऑक्सिजनचा सिलिंडर दीड तासच पुरेल."

आर्लीनने खिडकीकडे पाहिलं. ड्यूईची आई, ओपल म्हातारी, नाकात नळी, काचेला हात टेकून उभी होती. सकाळी याच खिडकीतून तिने होबार्टला टोमणा मारला होता, की तुम्हा तारवाल्यांचं 'आत्ता' तीन दिवसांचं असतं. टोपी काढून हसत तो म्हणाला होता, "दिवस मावळायच्या आत दिवा लावतो, बाई. शब्द दिला."

तिने पाना बर्फात टाकून दिला. ड्यूईला तिने मेन स्विच पाडून आईजवळ बसायला सांगितलं.

ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हा त्यांच्यातला दंडक. आर्लीनने होबार्टचे डोळे मिटले, त्याच्या गळ्यातली किल्ली काढून आपल्या गळ्यात घातली; सांधा जोडून झाला की दिवस मावळायच्या आत दोन्ही कुलुपं आता तिलाच काढायची होती. हातमोजे चढवले. मग गाडीतली साखळी खांद्यावर टाकून ती खांबाकडे निघाली.