तुळशीच्या जागी बसलेली धाकटी

“हे झाड जिवंत आहे, कशावरून?”

हॅम्बर्गच्या वनस्पती उद्यानातल्या माळीणबाईंना मी हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारावा, अशी पैज लेना आणि आयलिन या माझ्या वर्गमैत्रिणींनी लावली होती. मागच्या वर्षीची मी असते तर कान लाल करून मागच्या रांगेत उभी राहिले असते. पण यंदा मी वर्गप्रतिनिधी आहे, माझी भीड चेपलीय. विचारलं.

फ्राऊ पेटर्सन हसल्या नाहीत. समोर ऑस्ट्रेलियातलं ग्रासबाऊम होतं, म्हणजे बुटक्या खोडावर ताठ गवताचा भलामोठा झुपका. साठ वर्षांचं, आणि जेमतेम माझ्या कमरेएवढं.

“गेनाऊ, अगदी बरोबर, हाच तर घोळ आहे,” त्या म्हणाल्या. “याची मुळं सडली तरी पाती कितीतरी महिने हिरवीच राहतात. मधलं पातं हळूच ओढायचं. घट्ट असलं तर जिवंत. हातात आलं तर…” त्यांनी खांदे उडवले. “आपल्या या गार, दमट हवेत हिवाळ्यात पाणी जास्त झालं, की संपलं.”

पैज मी जिंकले होते, पण आता कधी एकदा घरी जाते असं मला झालं होतं.

कारण आमच्या घरीही एक आहे. माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी बी रुजवलं. पंधरा वर्षांत मी आईपेक्षा उंच झाले, त्याला अजून बोटभरही खोड नाही. बाबा त्याला ‘धाकटी’ म्हणतात. आईच्या तीन तुळशी इथल्या हिवाळ्यात गेल्या, तेव्हा चौथी न आणता तिनं गेल्या वर्षी धाकटीलाच खिडकीत तुळशीच्या जागी बसवलं. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी. ही तरी मरत नाही, म्हणून आई खूश.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मला बसवेना. दारापाशी जायचे, परत यायचे.

“एका गवतासाठी?” लेना म्हणाली.

“गवत तू,” मी म्हणाले.

घरी बूट न काढताच खिडकी गाठली. हात दोनदा पुढे नेला, दोनदा मागे घेतला. मग कडेचं एक पातं ओढलं. अलगद हातात आलं. बुडाशी तपकिरी, वास ओल्या मोज्यांचा. आता अगदी मधलं. ओढलं. आणखी जोरात ओढलं. माझं बोट कापलं, पातं हललं नाही.

“बूट काढ आधी, ऊर्जा,” म्हणत आई स्वयंपाकघरातून आली.

मी तिला सडलेलं पातं दाखवलं, फ्राऊ पेटर्सन काय म्हणाल्या ते सांगितलं.

“अगं, रोज घालते म्हणून तर जगलीये ती.”

बाबा लॅपटॉप मिटून आले. “मी पण घालतो. संध्याकाळी. थोडंसंच.”

“अहो, तुम्ही पण?”

मी कुंडी उचलली. केवढी जड झाली होती.

“आल्झो, तर मग ऐका. धाकटी आजपासून माझ्या खोलीत, उन्हाच्या खिडकीत. शनिवारी मी तिला फ्राऊ पेटर्सनना दाखवायला नेणार. उन्हाळा येईपर्यंत पाणी कधी घालायचं ते मी ठरवणार, तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. आणि आई, तुझ्या तांब्यासाठी येताना चौथी तुळस आणते. ती गेली तर पाचवी आणेन.”