एका पावलाचा मान

वाळवंटातल्या त्या डेअरीवर आज जालिंदरची परीक्षा होती. आरडाओरडा न करता कळप दूध काढायच्या शेडमध्ये नेला तर गोठ्यात नोकरी, नाहीतर पुन्हा पाण्याचा टँकर चालवायचा. टँकरला तो विटला होता. घरी जनावरांतच वाढलेला गडी, त्यामुळे ऐट दांडगी. तो थेट कळपापुढे उभा राहून गावाकडच्यासारखं "ये गं, ये" करू लागला. गायी थबकल्या आणि उलट्या फिरल्या.

"पाहुणे, वाट तर तुम्हीच अडवलीय!" कुंपणाशी टेकलेला मुकादम रामेश्वर हसला. "बाजूला व्हा. तिच्या खांद्याच्या जरा मागं. हात खाली. आता तिच्याकडं एकच पाऊल."

मनातल्या मनात त्याला शिवी हासडून जालिंदरने पाऊल टाकलं. गाय पुढे चालू लागली. तो मागे सरला, तशी ती थांबली. त्याने पुन्हा पाऊल टाकलं. तिच्यामागून दुसरी निघाली, तिसरी निघाली, आणि बघता बघता अख्खा काळापांढरा कळप शेडकडे सरकू लागला. ना दावं, ना काठी. एवढाली धुडं आपल्या एका पावलाला मान देतात! जालिंदरच्या अंगावर काटा आला.

"खलास, जमलं तुम्हाला. टँकरची चावी द्या इकडं," रामेश्वर म्हणाला.

गायींवरची नजर न काढता जालिंदरने ती देऊन टाकली.