निळं दार, परवा

मिस्त्री गेले त्याला चार वर्षं झाली, पण त्यांच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक खोकं अजून तसंच होतं.

मिस्त्रींना गिऱ्हाइकांची नावं लिहायचा भारी कंटाळा. कुणाच्या फ्रिजचा, कुणाच्या ओव्हनचा पार्ट आणला, की खोक्यावर त्या घराची खूण टाकून मोकळे. ‘तीन मांजरं.’ ‘जिना मोडका.’ एकावर तर ‘बोलकी बाई, जेवून जाणे’ असं लिहिलेलं होतं. ते गेल्यावर लेकीने त्यांचा धंदा चालवायला घेतला आणि एकेक खोकं ज्याचं त्याच्याकडे पोचवलं. मांजरं सापडली, जिना सापडला, बोलक्या बाईंनी तर स्वतःच फोन करून तासभर चौकशी केली. उरलं एकच. त्यावर लिहिलं होतं, ‘निळं दार. परवा.’ आत जुन्या ओव्हनच्या दाराचं लॉक. लेक सहा महिने गल्लोगल्ली निळी दारं हुडकत फिरली आणि मग थकली. खोकं मात्र तिच्याने टाकवेना. त्यावर बापाचं शेवटचं अक्षर होतं.

त्या दिवशी ती ज्या घरी गेली, तिथलं दार पांढरं होतं.

दार उघडणारा मुलगा म्हणजे पन्नाशीचा बाप्या, पण घरात आई असली की माणूस मुलगाच राहतो. ऑफिसला सुट्टी टाकून थांबला होता. ओव्हनला चिकटवलेल्या जुन्या स्टिकरवर नंबर होता, त्यावर त्याने फोन केलेला. ते स्टिकर मिस्त्रींनी पंधरा वर्षांपूर्वी ओव्हन बसवला तेव्हाचं; गावातल्या निम्म्या ओव्हनांवर तसंच चिकटलेलं होतं.

स्वयंपाकघरात टेबलापाशी त्याची आई बसली होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. ओव्हनची तिन्ही बटणं काढून घेतलेली. जागेवर नुसते खुंट उभे.

“बटणं माझ्याकडे आहेत,” मुलगा खिशावर हात ठेवून म्हणाला. “मिस्त्रीबाई, मला दुरुस्तीपेक्षा कागद हवाय. रविवारी मी ओव्हनची सफाई लावली. तासाभराने आईने दार उघडलं आणि हात भाजून घेतला. सफाई चालू असताना दार लॉक असतं, पुस्तकात लिहिलंय तसं. म्हणजे हिने काहीतरी घालून लॉक मोडलं. तेवढं लिहून द्या. डॉक्टरांना दाखवायचंय.”

“कसले डॉक्टर?”

त्याने आवाज खाली आणला. “विसरण्याचे. सोमवारी तपासणी आहे. पुढची सोयही बघून ठेवलीय. चांगली जागा आहे, तिथे स्वयंपाक करावा लागत नाही.”

“मला करायचाय,” म्हातारी म्हणाली. हळू बोललं की म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही, हा लेकरांचा एक जुना गैरसमज.

मग ती लेकीकडे वळली. “मी काही मोडलं नाही, मुली. माझा केकचा साचा आत राहिला होता. ओढलं, आणि उघडलं. आणि मी याला आधीच बजावलं होतं, ते बटण सफाईवर फिरवू नकोस म्हणून. एक माणूस आला होता, तो सांगून गेलेला. परवा येतो म्हणाला.”

“कोण माणूस, आई? कधी? नाव सांग.”

“तू तेव्हा इथे राहत नव्हतास. नाव नाही आठवत.”

“बघा,” मुलगा म्हणाला.

साठी बुद्धी नाठी, असं एकदा ठरवलं की पुढचं सगळं सोपं होतं. म्हातारं माणूस काही बोललं की तोच पुरावा. लेकीला त्या मुलाचा राग आला, पण तो दुष्टही वाटेना. घाबरलेला होता. आईचा हात भाजलेला त्याने पाहिला होता. आणि ‘परवा येतो’ म्हणाल तर ते दुरुस्तीच्या धंद्याचं ब्रीदवाक्यच; त्यावरून कुणी कुणाला ओळखलं नसतं.

तिने मेन स्विच बंद केला, ओव्हन पुढे ओढला आणि मागचा पत्रा काढायला बसली. सफाईच्या वेळी ओव्हन भट्टीसारखा तापतो. आत चिकटलेलं, करपलेलं सगळं जळून त्याची राख होते, म्हणून दार आधी लॉक व्हावं लागतं. लॉकचा आकडा जागेवर बसला की आतला छोटा स्विच ओव्हनला निरोप देतो, दार बंद आहे, आता तापलास तरी चालेल. निरोप नाही तर सफाई नाही; आणि लॉकच बिघडलं तर साधं भाजणंही अडतं. अशा यंत्राचं दार बाईच्या नुसत्या ओढण्याने उघडतं कसं, हेच कोडं होतं.

पत्रा निघाला आणि कोडंही सुटलं. लॉकचा आकडाच काढून टाकलेला होता. स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळलेली. ओव्हनला कायमचा खोटा निरोप जात होता. त्याचं नेहमीचं भाजणं बिनतक्रार चालावं म्हणून कुणीतरी केलेली तात्पुरती सोय.

टेपचं टोक त्रिकोणी दुमडलेलं होतं.

लेकीने त्या टोकावरून बोट फिरवलं. टेपचं टोक असं दुमडणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. “आपल्यामागून जो उघडेल त्याचं नख वाचलं पाहिजे,” असं म्हणायचे बाबा. आणि हेच बाबा तिला कानीकपाळी ओरडून सांगायचे की बाकी काहीही कर, लॉकची तार जोडून काम उरकायचं नाही.

“गाडीतून एक वस्तू आणते,” असं म्हणून ती बाहेर पडली. दाराबाहेर पाऊल टाकताना तिचं लक्ष बिजागरीकडे गेलं. पांढऱ्या रंगाचा पोपडा निघाला होता. खाली निळा रंग होता.

गाडीत ती बराच वेळ ते खोकं मांडीवर घेऊन बसली. तिला बापाचा राग आला. चार वर्षांत पहिल्यांदा आला, आणि इतका आला की रडू फुटलं. बाबांचं काम म्हणजे दगडावरची रेघ, असं गावभर म्हणत. त्या नावावरच तर तिला कामं मिळत होती. ‘लॉक जुनं होतं, आपोआप निकामी झालं’ एवढं लिहिलं असतं तरी म्हातारी सुटली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुटली असती का पण? मग तो परवा येणारा माणूस? तो आलाच नव्हता असं ठरलं असतं. सोमवारी डॉक्टरांनी विचारलं असतं, आजी, कोण आला होता? आणि आजींनी खरं सांगितलं असतं, आणि ते खरंच त्यांच्यावर उलटलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

ती खोकं घेऊन आत गेली.

“आजी, तो माणूस दिसायला कसा होता?”

म्हातारीने क्षणभर विचार केला. “उंच. गुडघा दुखायचा त्याचा. खाली बसताना ओव्हनशीच बोलत होता. म्हणत होता, थांब रे बाबा, मीही तुझ्याएवढाच जुना आहे.”

लेक खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

“ते माझे वडील,” ती म्हणाली. मग मुलाकडे बघून सगळं सांगितलं. आकडा त्यांनी काढला, तारा त्यांनी जोडल्या, लॉक आणीपर्यंत ओव्हन चालावा म्हणून. “त्यांची चूक होती. असं करायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलंय. तुमच्या आईंनी काहीही मोडलेलं नाही. त्यांना सगळं नीट आठवतंय.”

मुलगा पुढे वाकून त्या जोडलेल्या तारांकडे बघू लागला.

“मग परवा आले का नाहीत ते?” म्हातारीने विचारलं.

“त्याच संध्याकाळी त्यांनी लॉक आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चहाचा कप हातात होता.”

“अरे देवा.” म्हातारीने डावा हात तोंडावर ठेवला. “आणि मी चार वर्षं त्यांना थापाड्या म्हणत होते.”

लेकीने खोकं टेबलावर ठेवलं. म्हातारीने ते जवळ घेतलं, अक्षर वाचलं आणि खोकं मुलापुढे सरकवलं.

“वाच.”

“निळं दार,” मुलाने वाचलं. “परवा.” दार त्यानेच गेल्या वर्षी पांढरं केलं होतं, इथे राहायला आल्यावर, आईला न विचारता.

लेकीने कागद लिहिला. काय बिघडलं होतं ते लिहिलं, कुणामुळे ते लिहिलं आणि खाली वडिलांचं नाव घालून स्वतःची सही केली. मग जोडलेल्या तारा सोडवल्या. दुमडलेल्या टोकामुळे टेप एका ओढीत निघाली. नवीन लॉक बसवलं, ओव्हन भिंतीशी सरकवला आणि मेन स्विच चालू केला.

“आता बटणं लागतील,” ती म्हणाली.

मुलाने खिशात हात घालून तिन्ही बटणं काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाहीत.

“माझी नाहीत ती.”

मग आईच्या डाव्या तळहातावर त्याने एकेक करून बटणं ठेवली. म्हातारी उठली, डाव्या हाताने चाचपत तिने ती खुंटांवर बसवली आणि मधलं सफाईवर फिरवलं. आतून खट्ट असा बारीक आवाज आला.

“ओढून बघ,” ती मुलाला म्हणाली.

त्याने ओढलं.

“अजून ओढ.”

त्याने दोन्ही हातांनी ओढलं. मग मूठ न सोडता, मान खाली घालून तो तसाच ओव्हनपाशी उभा राहिला.

“नाही उघडत, आई,” तो म्हणाला.