वाटीभर कोंडा

"आम्ही तुमचा मुलगा विकतोय," असं मिस्टर हॅलम म्हणाले तेव्हा पद्मिनी त्यांच्यापुढे दिवाळीतल्या उरलेल्या चकल्यांची बशी ठेवत होती. बशी टेबलावर टेकली, पण हात तिथंच राहिला. आपण चुकीचं ऐकलं, असं म्हणून स्वतःची समजूत घालायलाही तिला सवड मिळाली नाही. कारण हॅलमनी एक चकली मोडली आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, परक्या देशातल्या माणसाला सांगतात तसं.

एकोणीसशे त्र्याऐंशीचा नोव्हेंबर होता. हे गृहस्थ इंग्लंडातल्या एल्मबरो गावाहून थेट क्युपर्टिनोला येऊन तिच्या सोफ्यावर बसले होते. 'एल्मबरो एसेस' या स्पीडवे टीमचे ते मालक, मॅनेजर आणि पाऊस झाला की ट्रॅकवरचं पाणी उपसणारे गडीसुद्धा. स्पीडवे म्हणजे मोटरसायकलींची शर्यत. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या आणि गाड्यांना ब्रेक नाही. बिघडलेला नव्हे, मुळात बसवलेलाच नसतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पद्मिनीनं दोन दिवस घरात स्वयंपाक केला नव्हता. तिचा एकुलता एक अमित गेले दोन सीझन या एसेससाठी धावत होता.

महाराष्ट्र मंडळात ती फक्त "अमित इंग्लंडला असतो" एवढंच सांगायची. इंग्लंड म्हटलं की आपल्या लोकांना पुढची डिग्री आपोआप दिसते. मालिनीकाकूंनी तर त्याला परस्पर हाडांचा डॉक्टर करून टाकलं होतं. अमितचं खांद्याचं हाड दोनदा मोडलेलं होतं, म्हणजे हाडांशी संबंध होताच, असं म्हणून पद्मिनी गप्प बसे.

घरात ठरलं होतं ते वेगळंच. दोन सीझन धाव, मग परत ये आणि जानेवारीपासून इंजिनिअरिंगला जा. सीझन ऑक्टोबरात संपला. परतीचं विमानाचं तिकीट क्लबनं द्यायचं होतं. ती रोज पोस्टाची पेटी उघडून बघत होती. तिकीट आलं नाही, अमित आला नाही. आले ते हॅलम.

"विकतोय म्हणजे काय?" तिचा नवरा श्रीरंग म्हणाला. चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करणारा हा शांत माणूस. त्याचा आवाज चढलेला पद्मिनीनं तेवीस वर्षांत मोजून तीनदा ऐकला होता. हा चौथा.

हॅलमनी मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. स्टेडियम त्यांचं नव्हतं, कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्याचं होतं. त्याला ती जागा सुपरमार्केटला द्यायची होती, म्हणून तो दरवर्षी भाडं वाढवत होता. गावातला कारखाना बंद पडला, तशी माणसं यायची कमी झाली. त्यात या उन्हाळ्यात सहा मॅच पावसानं धुतल्या. शेवटी शेवटी मध्यंतरात सपोर्टर लोक बादल्या घेऊन स्टँडमधून फिरायचे, पैसे मागत. ऑगस्टपासून कुणालाच पगार नव्हता.

"एक बादली अमितकडे असायची," हॅलम कौतुकानं म्हणाले. "त्याच्या बादलीत सगळ्यात जास्त पडायचे."

तिचा मुलगा, बादली घेऊन, लोकांपुढे हात पसरत! तिनं श्रीरंगकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"आमच्या खेळात प्रत्येक रायडर कुठल्या तरी क्लबच्या मालकीचा असतो," हॅलम म्हणाले. "तो कुठं धावणार ते क्लब ठरवतो. दुसऱ्याला हवा असेल तर त्यानं विकत घ्यायचा, नाहीतर सीझनपुरता उसना न्यायचा. आमच्याकडे स्टेडियम भाड्याचं, ट्रॅक्टर भाड्याचा. विकण्यासारखा एक अमितच आहे. उत्तरेकडच्या एका क्लबनं मागितलाय."

"आणि हे तुम्हाला लिहून कुणी दिलं?" पद्मिनीनं विचारलं.

हॅलमनी फाईलमधून एक कागद काढून टेबलावर सरकवला. खाली सही होती. श्रीरंगची, त्याच्या त्या सुबक, एकेक अक्षर सुटं असलेल्या वळणाची.

ती सही कधी झाली ते दोघांनाही लख्ख आठवत होतं. गेल्या वर्षीचा मार्च, अमितला अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी, म्हणून बापाची सही हवी होती. घरात तीन तास आरडाओरडा चालला होता. टोस्टर विकत आणला तरी त्याचं गॅरंटीकार्ड पाठपोट वाचणारा हा माणूस. त्यानं तो कागद न वाचता ओढला, सही ठोकली आणि "जा, काय करायचं ते कर" म्हणून पोराच्या अंगावर फेकला होता. राग कसला होता, पोरगा जाऊ नये एवढंच होतं, पण तेव्हा ते बोलून दाखवायचं कुणाला सुचलं नाही.

श्रीरंगनं चष्मा काढला आणि पुसत बसला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"आणखी एक मार्ग आहे," हॅलम म्हणाले. "घरच्या माणसांनीही रायडर घेता येतो." आणि त्यांनी आकडा सांगितला. अमितच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले सगळेच्या सगळे पैसे त्यात जाणार होते.

पद्मिनी खुर्चीत बसली. "स्वतःच्या पोटचा मुलगा विकत घ्यायचा? असं कुठं असतं?"

हॅलम जरा गोंधळले. "पण अमित म्हणाला, तुमच्यात असतं. तुम्ही त्याला एकदा विकत घेतलंय म्हणाला. ब्रेकफास्टचं कसलंसं सीरिअल देऊन."

ते सीरिअल म्हणजे कोंडा, हे पद्मिनीला लगेच कळलं.

अमितच्या आधीची तिची दोन बाळं गेली होती. तिसऱ्या वेळी साताऱ्याहून आईचं पत्र आलं. हे बाळ आपलं म्हणून ठेवू नकोस, दुसऱ्या बाईच्या पदरात घाल आणि कोंडा देऊन परत विकत घे, म्हणजे काळाला वाटेल, दुसऱ्याचं आहे. श्रीरंग तेव्हा रिसर्च करत होता, असल्या गोष्टींना हसायचा. पण दुकानात जाऊन ब्रॅनच्या, म्हणजे कोंड्याच्या, सीरिअलचा खोका तोच घेऊन आला. सूप नव्हतं, म्हणून कपड्यांच्या टोपलीत बाळ घातलं आणि घरमालकीण मिसेस रोसींच्या हातात दिलं. त्या जर्दाळूच्या बागेत उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. वाटीभर कोंडा घेतला, बाळाच्या कपाळाची पापी घेतली आणि टोपली परत दिली.

अमितच्या प्रत्येक वाढदिवसाला पद्मिनी ही गोष्ट सांगायची. आणि शेवटी न चुकता म्हणायची, "वाटीभर कोंड्यात मिळालास. त्या बाईनं मागितलं असतं तर जे होतं ते सगळं दिलं असतं."

तिनं हॅलमकडे नीट पाहिलं. "तुम्हाला इथं अमितनं पाठवलं?"

हॅलमचे कान लाल झाले. "माझं तिकीटही त्यानंच काढलं, मॅडम. क्लबनं दिलं नाही तर परत यायला म्हणून साठवलेले होते, त्यातून."

म्हणजे तिच्या मुलाच्या परतीच्या पैशावर हा माणूस येऊन तिच्या सोफ्यावर बसून चकली खात होता. इतका वेळ तिला वाटत होतं, परक्यांनी आपल्या पोराला बाजारात मांडलंय. मांडणारा पोरगाच होता. आणि गिऱ्हाईक कोण, भाव किती देईल, हे सगळं त्याला आधीच ठाऊक होतं.

तिनं फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते. अमितनं पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे वाटच बघत होता.

"आई, लिसन," तो घाईघाईनं म्हणाला. "त्या दुसऱ्या टीमला विकलं तर एसेसना पैसे मिळतील, पण मीच नसेन तर लोक येणार नाहीत. इट्स ओव्हर. तू बाय केलंस तर पैसेही मिळतात आणि मी इथंच राहतो. दे कॅन रन वन मोर सीझन."

"ते पैसे तुझ्या कॉलेजचे आहेत."

"आय नो."

"आम्हाला फसवलंस, अमित."

"खोटं कुठं बोललो? यू ऑल्वेज सेड, सगळं दिलं असतं." मग हळू आवाजात, "सॉरी, आई. मला दुसरं कुणी माहीत नव्हतं."

तिनं फोन ठेवला. रडावं की ओरडावं तेच कळेना. मग उठून म्हणाली, "कागद करा. माझ्या नावावर."

या वेळी श्रीरंगनं कागद तीनदा वाचला. मग चेकबुक आणलं. सही करताना त्याची ती सुटी अक्षरं एकमेकांत गेली. हॅलमनीही सही केली. एल्मबरो एसेसची एकुलती एक मालमत्ता आता पद्मिनीच्या मालकीची होती, आणि ती कुठं धावणार, धावणार की नाही, हे ठरवायचा हक्कही.

तिनं पुन्हा फोन लावला. हे तिनं मघाशीच मनात ठरवलं होतं. "पैसे दिले. आता मालकीण मी. मिळेल त्या विमानानं घरी ये. जानेवारीत कॉलेजला जायचंस, फीचं आम्ही बघू."

आणि ती भांडणाची वाट बघत उभी राहिली. हा पोरगा दूध प्यायलाही भांडायचा. स्वेटर घालायला भांडायचा. तिनं उत्तरं तयार ठेवली होती.

"ओके, आई," अमित म्हणाला. "यू ओन मी नाऊ. सांग, कधी निघू?"

एवढंच. आवाजात राग नाही, हट्ट नाही, काहीच नाही. असा आवाज तिनं त्याचा कधी ऐकला नव्हता. मंडळातल्या आयांना हेवा वाटावा इतका आज्ञाधारक. सकाळपासून बसलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. तिला वाटलं, मुलगा खरोखर विकला गेला तो आत्ता, आणि विकत घेणारी आपण.

तिनं रिसीव्हर कानापासून दूर धरला. "मिस्टर हॅलम, उसना देतात म्हणालात ना? त्याचा कागद आहे तुमच्याकडे?"

हॅलम धडपडत फाईलमध्ये शोधायला लागले.

"अमित, ऐक," ती फोनमध्ये म्हणाली. "एक सीझन. मार्च ते ऑक्टोबर. एसेसना तू उसना दिलेला आहेस, कायमचा ठेवायला नाही."

पलीकडून हुंदका आला, आणि तो दाबायचा प्रयत्न. हा आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता.

हॅलमनी कागद भरायला घेतला. नाव, टीम, मुदत. एका जागी ते अडले. "उसनवारीचं काही भाडं लिहावं लागतं, मॅडम. काय लिहू? आमच्याकडे फारसं नाही."

पद्मिनी स्वयंपाकघरात गेली आणि एक रिकामी वाटी आणून तिनं त्या कागदावर ठेवली.

"वाटीभर कोंडा लिहा," ती म्हणाली. "पण पोस्टानं चालणार नाही. ऑक्टोबरात त्यानं स्वतःच्या हातानं आणून द्यायचा."