बाटलीच्या तोंडाशी चाळीस वर्षं

मित्रांनो, मी एक जुनं बूच आहे. बाटलीचं तोंड बंद ठेवणं एवढंच मला येतं. आज बोलायला मिळतंय, तर बोलून घेतो.

एका झाडाची जाड साल सोलून मला कापलं आणि पोर्टच्या बाटलीत ठोकलं. पोर्ट म्हणजे गोड, कडक, लाल वाइन. चांगल्या हंगामातली असली की तिला वर्षानुवर्षं मुरू देतात. ती बाटली एका काकांनी घेतली. काकांची नोकरीच वाइन चाखायची. त्यांच्या नाकाचा मोठा दरारा. मी कोरडा पडू नये म्हणून त्यांनी बाटली तळघरात आडवी ठेवली. दरवर्षी खाली यायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही."

गेल्या वर्षी आजारपणात काकांचं नाक गेलं. जिभेचाही भरवसा राहिला नाही. त्यांनी तळघरात येणंच सोडलं. शेवटी काकू त्यांना हाताला धरून घेऊन आल्या.

"दूध करपलं तरी तुम्हाला पत्ता नसतो. आता कुणासाठी मुरवताय?"

"माझ्यावर वाया जाईल गं."

"जाऊ दे. चाळीस वर्षं मी नाही गेले वाया?"

काका हसले. गाळ खाली बसावा म्हणून बाटली दोन दिवस उभी ठेवली. मग काकांच्याच हाताखाली शिकलेली पुतणी आली. तिनं माझ्यात बूच काढायचा स्क्रू फिरवला आणि मी मधोमध तुटलो. अर्धा आत पडलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चहाचं गाळणं आणू?" काकूंनी विचारलं.

"सुती फडकं आण. साबणाचा वास नसलेलं," काका म्हणाले.

पुतणीनं फडक्यातून सावकाश वाइन ओतली. तळाचा गाळ हलू दिला नाही. ग्लास हुंगून म्हणाली, "सुक्या अंजिराचा वास. थोडा चामड्याचाही."

काकांनीही हुंगलं. काहीच नाही. काकू टेबल पुसू लागल्या. ते आधीच स्वच्छ होतं. काकांनी एक घोट बराच वेळ तोंडात घोळवला.

"अक्रोड," ते म्हणाले. "गिळल्यानंतर. अगदी शेवटी."

पुतणीनं पुन्हा घोट घेतला. थांबली. "हो की काका. माझ्याकडून सुटलंच."

"घाई करतेस."

काकूंनी ग्लास पुढे केला. "मला अक्रोड-बिक्रोड कळत नाही. गोड आहे. अजून घाला."

मित्रांनो, जपण्यासारखं काही असेल तर जरूर जपा. त्याला धक्का लागू देऊ नका. पण चाखणारी माणसं जवळ आहेत, तोवर उघडाही. उघडताना एखादं बूच तुटलं तर तुटू द्या. गाळून घेता येतं.