गावभर मामा

नागपूरला पायाच्या बिंदूंवर दाब द्यायचं शिकले आणि दुकान टाकलं ते नेमकं आईच्या माहेरी, सिंदेवाहीजवळच्या गावात. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. आमच्याकडे भाचीनं मामाच्या पायाला हात लावला तर पाप मामाला लागतं. उलट मामाच भाचीच्या पाया पडतो. आणि आईचं माहेर म्हटल्यावर काय एकटा धनराजमामाच माझा मामा? सगळं गावच मामा! माणूस दाराशी चपला काढायचा, मला वाटायचं आता खुर्चीत बसेल. तो वाकून माझ्या पाया पडायचा आणि भाताच्या रोवणीला निघून जायचा. महिनाभरात मला एखाद्या देवीइतके नमस्कार मिळाले, गिऱ्हाईक एकही नाही.

खरं सांगायचं तर दुकान नावालाच होतं. मी आले होते धनराजमामासाठी. मामी गेल्यापासून त्याला धड झोप नव्हती. डॉक्टरांनी तपासून आजार काही नाही म्हणून सांगितलं होतं. मीही कोणाचा रोग बरा करत नाही. तळपाय हळूहळू दाबत गेलं की अंग सैल पडतं, डोक्यातली कटकट थोडी थांबते. एवढं तरी मामाला मिळावं, इतकीच माझी इच्छा होती.

मामा रोज यायचा. खुर्ची झाडायचा, तेल संपलं का विचारायचा आणि स्टुलावर पाय पोटाशी घेऊन बसायचा, मी झडप घालणार असल्यासारखा. हा धंदा आहे, यात नातं कुठून आलं, असं मी भांडून पाहिलं. शेवटी म्हटलं, निदान मोजे घालून बस. त्यावर तो विचारात पडला, गावातल्या जाणत्या रामाजींना विचारून आला आणि मोज्यातही पाय मामाचाच असतो, असा निकाल देऊन मोकळा झाला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

शेजारी सईदाभाभीचं शिवणकाम चालतं. दिवसभर मशीन हाणून तिच्या पिंढऱ्या भरून येतात. आमच्यात असलं काही नसतं म्हणत ती एका दुपारी सरळ खुर्चीत बसली आणि बघता बघता घोरायला लागली. मामा तिच्याकडे असा बघत होता, जसं भुकेलं माणूस शेजारच्या ताटाकडे बघतं.

जागी झाल्यावर भाभीनं त्याचा चेहरा बरोबर ओळखला. मला विचारलं, "मामाचा हात धरला तं चालते ना?"

हाताच्या तळव्यातही बिंदू असतात. आम्हाला ते शेवटी घाईघाईत शिकवलं होतं, कारण कोणी मागत नाही. मी मामाकडे पाहिलं. त्याला शोधूनही त्यात पाप सापडेना. तो रामाजींना विचारायला उठला, तर मी दारच अडवलं. भाभीनं खुर्ची रिकामी केली, मामा पाय पोटाशी घेऊनच तिच्यात बसला आणि मी त्याच्या स्टुलावर.

कुदळीनं घट्टे पडलेला तो हात आधी लाकडासारखा ताठ होता. मी अंगठ्याखाली दाबत राहिले आणि मामा बोलत राहिला: भाताचं पऱ्हं, विहिरीवरची मोटार, बांधावरचे खेकडे. मधेच वर पाहिलं तर त्याचे डोळे वाहत होते. दुखतंय का, मी विचारलं.

"नाई वं बाई," तो म्हणाला. "तुयी मामी गेली तवापासून जो तो खांद्यावर हात ठेवून जाते. पण हात कोणं धरला नोता."

मग मला एकही बिंदू आठवेना. मी नुसता त्याचा हात हातात घेऊन बसले. रडू मलाही आलं, लपवत नाही. भाभी दाराशी जाऊन उभी राहिली आणि आत यायला निघालेल्या एका मामाला तिनं बाहेरूनच परत पाठवलं.

थोड्या वेळानं मामाची मान खुर्चीच्या पाठीवर कलली, तोंड उघडं पडलं. आणि महिनाभर पोटाशी धरलेले ते दोन पाय आपोआप सरळ होऊन माझ्यासमोर पसरले. टाचांना भेगा, भेगांत भाताच्या बांधीचा चिखल. भाभीनं डोळ्यांनी खुणावलं, आता दाब की, त्याला काय कळतंय.

मी मान हलवून नको म्हटलं. माझा धक्का चुकून त्या पायांना लागू नये म्हणून बसल्या बसल्या स्टूल तेवढं मागे सरकवलं. हात मात्र सोडला नाही.