ऑर्व्हिल टिबेट्स काय म्हणाला

ऑर्व्हिल टिबेट्स अकरा वर्षं पडद्यावर पडत होता आणि लोक हसत होते. शिडीवरून पडला, छपरावरून पडला, एकदा तर खऱ्याखुऱ्या विहिरीत पडला. त्याच्या मूकपटांच्या पाट्या मी लिहायचो, म्हणजे दोन दृश्यांच्या मध्ये काळ्यावर पांढरी अक्षरं येतात ती. त्यामुळे मी खात्रीने सांगतो, या माणसाच्या डोक्यात जेवढी हवा होती तेवढी लॉस एंजेलिसच्या सगळ्या टायरांत मिळून नव्हती.

बाराव्या वर्षी त्याला साक्षात्कार झाला.

"व्हर्नन, पडणं पुरे झालं," तो मला म्हणाला. "आता लोक माझ्यासाठी रडले पाहिजेत."

"तू विहिरीत पडलास तेव्हा मी रडलो होतो. सगळ्या पाट्या नव्याने लिहाव्या लागल्या."

तो हसला नाही. दुसऱ्याच्या विनोदाला हसायची त्याला सवयच नव्हती.

स्टुडिओचे मालक केसलिंगसाहेब यांनी अट घातली. "एक रडका चित्रपट करून दाखव. लोक रडले तर पुढे तू म्हणशील ते. हसले तर गुमान शिडीवर चढायचं आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही."

मूकपटातल्या नटाला तोंड बंद ठेवायला सांगणारा हा जगातला एकटाच मालक असावा. ऑर्व्हिल मात्र लगेच कबूल झाला. पडून पडून त्याची पाठ कामातून गेली होती. सकाळी बूट चढवायलाही त्याला माणूस लागायचा. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याची कीव येण्याइतका मी तेव्हा शहाणा नव्हतो.

या चित्रपटात आई मरते. आई झालेली हॅरिएट प्लमली दुपारी कच्च्या कांद्याचं सँडविच चापून मृत्युशय्येवर आडवी व्हायची. ऑर्व्हिल तिच्या उशाशी बसून घळाघळा रडायचा आणि तोंडाने तिला शिव्या हासडायचा. त्यात वावगं काही नव्हतं, आमच्याकडे सगळेच तसं करत. ओठ हलले की झालं, शब्द मी पुरवायचो. इथे मी पाटी दिली होती, 'आई, स्वर्गाच्या दारात माझी वाट बघ.' इतकं भिकार मी त्यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पॅसाडेनाला चाचणीचा खेळ लावला. केसलिंगसाहेबांनी दानशूरपणाचा आव आणून मधल्या तीन रांगा बहिऱ्यांच्या मंडळाला फुकट दिल्या. वर्तमानपत्रात फोटो येतो ना.

आई मरू लागली. पडद्यासमोर बसून साथ करणाऱ्या ऑर्गनवाल्याने गळा काढला. बायकांनी रुमाल काढले. शेजारी बसलेल्या ऑर्व्हिलने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात मधल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग तिन्ही रांगा पोट धरून हसायला लागल्या, हातवारे करून एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगायला लागल्या. त्यांचं बघून बाकीचं थिएटरही, कशाला हसतोय हे न कळता, हसू लागलं.

"काय झालंय यांना?" केसलिंगसाहेबांनी मंडळाच्या दुभाषी मिस लोवेलना विचारलं.

"ओठ वाचतात ते," मिस लोवेल लाजून म्हणाल्या. "तो म्हणतोय, 'म्हातारे, कांद्याची गोणी खाल्लीस का? लवकर मर, मला श्वास घ्यायचाय.'"

केसलिंगसाहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण फार नाही.

मग पडदाभर ऑर्व्हिलचा चेहरा आला. डोळ्यांत खरं पाणी, ओठ जेमतेम हलताहेत. मधल्या रांगांतून सगळ्यात मोठा हशा तेव्हा उठला.

"आता काय म्हणाला?" मी विचारलं.

मिस लोवेल हसत नव्हत्या. "'देवा, या वेळेला तरी कोणी हसू नये.'"

ऑर्व्हिलने माझा हात सोडला आणि बाहेर जायला तो उठला. पाठीने दगा दिला. दोन रांगांच्या मध्ये तो सपशेल आडवा झाला. लोकांनी त्याला ओळखलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी त्याला उठवायला वाकणार, तोच केसलिंगसाहेबांनी माझी बाही ओढली.

"व्हर्नन, ते स्वर्गाचं दार काढून टाक. शेवटी तो म्हणाला ना, तेच घाल पाटीवर."

सोमवारी ऑर्व्हिल शिडीवर चढला आणि मी ती पाटी लिहिली. चित्रपट आठ महिने चालला. त्या पाटीला प्रत्येक खेळात लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. इतकं मजेदार वाक्य सुचलं कसं, असं लोक मला अजून विचारतात. सुचलं, मी म्हणतो.